एका सुईचा गरुड

शाळेत जागृती सप्ताह यायचा तो बड्या पाहुण्यासारखा. आधी भिंतींना रंग, मग मोडकी बाकं मागच्या खोलीत कोंबायची, आणि शेवटी मुलांना रांगेत उभं करून सांगायचं की आता तुम्ही जागृत झालात. या वर्षी मात्र रंगावर भागणार नव्हतं. वरून हुकूम आला होता की एचआयव्हीबद्दल मुलांशी मुलांनीच बोलावं. वर्गावर्गातून काही जण निवडायचे, त्यांना शिकवून तयार करायचं आणि त्यांनी बाकीच्यांना शहाणं करून सोडायचं. या निवडक मंडळींना 'समवयस्क शिक्षक' असं भारदस्त नाव होतं आणि छातीवर लावायला थाळीएवढा बिल्ला होता.

कात्रीला तो बिल्ला मिळाला तिच्या जिभेमुळे. तिची आई घरच्या पुढच्या खोलीत शाळेचे गणवेश शिवायची आणि मुलीची जीभ आईच्या कात्रीपेक्षा जलद चालायची, म्हणून गणिताच्या सरांनी वैतागून ठेवलेलं हे नाव पुढे तिला कायमचं चिकटलं. नाव तिला मनातून आवडायचं. पण कुणी हाक मारली की ती अशी बघायची, जणू समोरच्याने उधारीवर तिचा वेळ घेतलाय.

शिकवायला सरकारी दवाखान्यातल्या तपासणी केंद्रातून एक ताई आल्या. चित्रकलेच्या हॉलमध्ये दोन दिवस त्या बोलल्या. आवाज दमलेला, पण बोलणं सरळ. विषाणू कशातून पसरतो, कशातून नाही, कंडोम म्हणजे काय, तो कसा वापरतात, तपासणी कुठे होते, गोळ्या कशा असतात, सगळं त्यांनी भाजीचे भाव सांगावेत तसं सांगितलं. पहिल्या तासाला मुलं खिदळली, दुसऱ्याला गप्प झाली, तिसऱ्याला प्रश्न विचारायला लागली. तेवढ्यात मुख्याध्यापक येऊन मागच्या बाकावर बसले आणि प्रश्न आटले.

ताई गेल्या आणि मुख्याध्यापकांनी लाल पेन काढलं. मुलांना वाटायच्या पत्रकावर त्यांनी ते असं काही चालवलं की छापून आलं तेव्हा त्यात एवढंच उरलं होतं: 'विशिष्ट संबंध टाळा. विशिष्ट काळजी घ्या.' बाजूला दोन कमळांसारखी फुलं.

"सर, विशिष्ट म्हणजे काय?" कात्रीने विचारलं.

"ज्यांना कळायचं त्यांना कळतं."

"आणि ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठीच आहे ना हे?"

"तू फार बोलतेस."

"त्यासाठीच निवडलंत ना, सर."

मुख्याध्यापकांनी पेनाला टोपण लावलं. त्यांच्या दृष्टीने चर्चा संपली होती.

सप्ताहाच्या शेवटी पाहुण्यांसमोर एक नाटक व्हायचं होतं. भाषेच्या बाईंनी ते एका रविवारी बसून लिहिलं होतं आणि ते तसंच वाटत होतं. एक चांगला मुलगा शहरात जातो, वाईट संगतीला लागतो, घरी येतो आणि आईच्या मांडीवर मरतो. मधेमधे काळा रेनकोट घातलेला विषाणू पुठ्ठ्याची शिंगं हलवत हसतो. शेवटी एक डॉक्टर येऊन मेलेल्या मुलाच्या डोक्याशी उभा राहतो आणि भाषण करतो.

"विषाणूला शिंगं असतात हे कुठल्या पुस्तकात आहे?" कात्रीच्या आईने मशिनीवरून मान न उचलता विचारलं. रेनकोट बेतायचं काम तिच्याकडे आलं होतं.

"बाईंच्या."

"मग शिंगं त्यांनाच शिवू दे. मी माणसांचे कपडे शिवते."

डॉक्टर झाला होता फुटबॉल संघाचा कप्तान. त्याला सगळेच कप्तान म्हणायचे, घरचेसुद्धा. उंच, देखणा, बापाचा फरशीचा मोठा धंदा आणि बाप शाळेच्या समितीवर. त्याच्याही छातीवर बिल्ला होता. ताईंच्या दोन दिवसांत तो एकदाही काही विचारता झाला नव्हता, कारण त्याला सगळं आधीच माहीत असायचं.

मरणाऱ्या मुलाचं काम बाईंनी डाव्याला दिलं. डावा संघात डाव्या बाजूने खेळायचा, डाव्या पायाने मारायचा, म्हणून डावा. अंगाने काटकुळा, त्यामुळे मरायला शोभेल असं बाईंचं मत. त्याने संहिता वाचली आणि परत केली.

"मला नको हे."

"का रे?"

"हा मरतो कशाला, बाई? आता गोळ्या असतात. रोज वेळेवर घेतल्या तर माणूस चांगला म्हातारा होतो."

"अरे, मग टाळ्या कशाला पडतील?" बाई म्हणाल्या. त्यांना यात काही वावगं वाटलं नाही.

कात्री तिथेच होती. डाव्याला स्टेजची भीती वाटते आणि वर तो अक्कल पाजळतोय, असा तिचा समज झाला. तिचे समज झटपट होत आणि झाले की लगेच तोंडातून बाहेर पडत. "घाबरतोस तर तसं सांग ना," ती म्हणाली. "बाईंना डॉक्टरकी कशाला शिकवतोस?"

डाव्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि बूट उचलून मैदानाकडे गेला. मरायचं काम दुसऱ्या एका हौशी मुलाला मिळालं.

शनिवारी दुपारी कप्तान डॉक्टरच्या कोटाचं माप द्यायला कात्रीच्या घरी आला. आई आत गेली तेव्हा त्याने कात्रीकडे एक जाड सुई मागितली. बुटाची शिलाई उसवलीय म्हणाला.

"दोन घेऊन जा. चामड्यात मोडते एखादी."

"एक पुरे," कप्तान म्हणाला.

सोमवारी संघातली सगळी पोरं बाही वर करून शाळेत आली. प्रत्येकाच्या दंडावर निळाकाळा गरुड होता. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं. शनिवारी संध्याकाळी कप्तानच्या गच्चीवरच्या खोलीत त्याच्या चुलत भावाने ते टोचून काढले होते. हा चुलत भाऊ मोटारींच्या नंबरपाट्या रंगवायचा, तेवढ्यावर तो स्वतःला कलाकार समजायचा.

"हा गरुड?" कात्री म्हणाली. "मला वाटलं वाऱ्याने छत्री उलटी झालीय."

"जळू नकोस," कप्तान म्हणाला. "ही खूण आहे. ज्याच्या दंडावर गरुड नाही तो आमच्यातला नाही."

ज्याच्या दंडावर गरुड नव्हता असा एकच होता. डाव्याने शनिवारी सुई पाहिली आणि सरळ नाही म्हटलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. त्याला पोरांनी आधी चिडवलं, मग धरून बसवायचा प्रयत्न केला. तेव्हा तो असा काही हात झटकून निघून गेला की सगळे वरमले. वरमलेली पोरं फार वाईट. सोमवारी दुपारपर्यंत डाव्याचं नाव भित्रा पडलं होतं आणि गुरुवारच्या सामन्यातून तो बाहेर होता.

कात्रीनेही हात धुऊन घेतले. नळावर सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, "डाव्या, सुईला घाबरतोस? माझी आई दिवसभर सुया दातात धरते. अजून धडधाकट आहे."

हशा झाला. डावा "बरं" एवढंच म्हणाला आणि बाटली भरून गेला.

रसायनशास्त्राच्या तासाला गोलकीपर तिच्या पुढच्या बाकावर बसायचा. आडदांड पोरगा, पण मनाने मऊ. तो सारखा दंड खाजवत होता. गरुडाच्या भोवती लाल सूज आली होती.

"कसल्या सुईने टोचलं रे?"

"तुमच्याकडचीच ना. कप्तान म्हणाला, कात्रीने दिलीय, मस्त जाड आहे."

कात्रीचं पेन थांबलं. "सगळ्यांना तीच?"

"हो. पण दर वेळी पुसायचा ना तो."

"कशाने?"

"रुमालाने."

"रुमालाने," कात्री म्हणाली. ताईंनी फळ्यावर काढलेली ती आकृती तिच्या डोळ्यांपुढे आली. एकाचं रक्त, सुई, दुसऱ्याचं रक्त. तेव्हा तिने ती वहीत उतरवून घेतली होती, वर्ख लावल्यासारखी सुबक. आणि सुई स्वतःच्या हाताने डबीतून काढून दिली होती.

मधल्या सुट्टीत ती हॉलमध्ये गेली. तालीम रंगात आली होती. कप्तान मेलेल्या मुलाच्या डोक्याशी उभा राहून, हात उंचावून म्हणत होता, "एकच सुई अनेकांनी वापरणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण देणे होय."

"कप्तान, तू हे जे बोलतोयस ते तुझ्या कानावर पडतं का कधी?"

त्याला बाजूला घेऊन तिने सांगितलं तेव्हा तो हसला. "अगं, ते नशा करणाऱ्यांसाठी आहे. आम्ही काय तसले आहोत? सगळी चांगल्या घरातली पोरं, एकमेकांच्या ओळखीची."

"विषाणू आधी घर बघतो का? मग शिरतो?"

"हे बघ," कप्तान म्हणाला, आता न हसता. "सुई तुझी होती. बोंब मारलीस तर पहिली तू अडकशील."

ती तिथून थेट मुख्याध्यापकांकडे गेली. सुई आपण दिली हेही तिने सांगून टाकलं, म्हणजे धमकी देणाऱ्याच्या हातात काही राहायला नको. मुख्याध्यापकांनी सगळं ऐकलं आणि त्यांना त्यातला टॅटू तेवढा दिसला.

"हा शिस्तभंग आहे. सप्ताह संपला की बघतो एकेकाकडे."

"सर, तोवर उशीर होईल. औषधाची गरज असेल तर तीन दिवसांच्या आत सुरू करावं लागतं. ताईंनी सांगितलंय."

"गुरुवारी पाहुणे येतायत. अशा वेळी ही गोष्ट बाहेर गेली तर सप्ताहाचं काय होईल, कळतंय का तुला?"

सप्ताहाला काही होणार नव्हतं. सप्ताहाच्या अंगात रक्त नव्हतं. पण हे कात्री बोलली नाही. ती बाहेर आली आणि तिने ताईंना फोन लावला.

ताईंनी मधे एकदाही तिला तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "धोका तसा फार मोठा नसतो. पण आपण जुगार खेळत नाही. उद्या सकाळी सगळ्यांना घेऊन ये. कावीळ पसरवणारे विषाणूही असतात सुईतून, तेही बघू. घरच्यांशी मी बोलते. आणि हे बघ, पोरांवर ओरडू नकोस."

ती ओरडली. ओरडण्याखेरीज तिला दुसरं काही येत नव्हतं. मैदानावर जाऊन तिने संघाला मूर्ख म्हटलं, गाढव म्हटलं, मेंदूच्या जागी चेंडू आहे म्हटलं. एकही शब्द खोटा नव्हता आणि एकाचाही उपयोग झाला नाही. पोरं हाताची घडी घालून उभी राहिली. कप्तान म्हणाला, "हिला पाहुण्यांकडून शाबासकी हवीय." सगळे हसले. फक्त गोलकीपर हसला नाही. तो रडकुंडीला आला होता.

डावा कुंपणाशी बसून ऐकत होता. सामन्यातून काढलं तरी तो सरावाच्या वेळी यायचाच. पोरं पांगली तेव्हा तो उठून गोलकीपरजवळ गेला.

"बोटातून, नाहीतर हातातून थोडं रक्त घेतात," तो म्हणाला. "मुंगी चावल्यासारखं वाटतं. मी येतो बरोबर. बाहेर थांबतो."

मग तो दुसऱ्याकडे गेला, मग तिसऱ्याकडे. कुणालाच त्याने शिवी दिली नाही, शहाणपण शिकवलं नाही. कुठलं फाटक, किती वेळ लागतो, काय विचारतात, एवढंच सांगितलं. ज्याला भित्रा म्हणून हिणवलं तो सोबत यायला तयार आहे म्हटल्यावर नाही म्हणायची सोय कुणाला राहिली नाही. कात्री लांबून बघत होती आणि तिला राग येत होता. कुणाचा, ते तिला नीट ठरवता येईना.

मंगळवारी सकाळी बहुतेक सगळे दवाखान्यात आले. काहींच्या आया होत्या, एकाचा मोठा भाऊ होता. 'सुईने जखम झालीय, तपासणी करायचीय' एवढंच ताईंनी घरोघर सांगितलं होतं. डाव्याने सगळ्यांना मागच्या फाटकातून नेलं, जिथे गर्दी नसते. कुठला जिना, कुठलं वळण, कुठला पंखा चालतो म्हणून कुठल्या बाकावर बसायचं, सगळं त्याला पाठ होतं. पोरं खोलीपुढे रांगेत बसली. नावं द्यायला कात्री आणि डावा पलीकडच्या खिडकीशी गेले.

खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आलास का रे? तुझ्या गोळ्या पुढच्या आठवड्यात ना?"

बाईंच्या डोक्यावर निळ्या अक्षरांत पाटी होती: 'येथे आपली माहिती गुप्त राखली जाते.' खिडकीपुढे आणखी कुणी नव्हतं. एकटी कात्री होती.

डाव्याने नावं लिहून दिली. जिन्याशी आल्यावर तो म्हणाला, "ऐकलंस ना?"

"काय?"

"तुला नाटक येत नाही. जन्मापासून आहे मला. आईकडून. ती गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. मावशीने वाढवलंय."

कात्रीला नळावरचं आपलं वाक्य आठवलं. हशासकट आठवलं. "म्हणून तू सुईला..."

"माझ्या गोळ्या चालू आहेत, रक्तात विषाणू सापडत नाही इतका कमी आहे. पण म्हणून मला टोचलेली सुई दुसऱ्याला टोचू देऊ? आणि तेव्हा सांगू तरी काय? गच्चीवर, सगळ्यांसमोर?"

"मला सांगायचंस."

"तुला?" डावा म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते तिला लागलं.

आतून ताईंनी हाक मारली. आलेल्या सगळ्यांची पहिली तपासणी स्वच्छ निघाली होती. पण दोघं राहिले होते. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं: त्या सुईने टोचून घेतलेला प्रत्येक जण तपासला गेला आणि कुणातच काही निघालं नाही, तर पोरांना महिनाभराचं औषध द्यायची गरज पडणार नाही. एक जरी बाहेर राहिला तर सगळ्यांना सुरू करावं लागेल, तेही आज संध्याकाळच्या आत. चुलत भावाने सुई आधी स्वतःला टोचून बघितली होती. आणि पहिला गरुड कप्तानचा होता.

"तो येणार नाही," कात्री म्हणाली.

"येईल," डावा म्हणाला. "मी सांगतो त्याला, मी नाही का म्हणालो ते."

"तो गावभर करेल."

"माहीत आहे."

"मग कशाला?"

"तुला दुसरं काही सुचतंय का?"

ती त्याच्याबरोबर शाळेकडे निघाली.

कप्तान हॉलच्या मागे कोट घालून भाषण घोकत होता. डाव्याने त्याला दोन वाक्यांत सांगितलं. ज्या पोराने नाकाने कांदे सोलत सगळ्या शाळेला हात धरून जगायला शिकवायचं कबूल केलं होतं, तो दोन पावलं मागे सरकला आणि त्याने आपला हात कोटाला पुसला.

"आपण एकाच बाटलीतून पाणी प्यायलोय," तो म्हणाला. आवाज चिरकला होता.

"बाटलीने होत नाही. डॉक्टर आहेस ना तू?"

"पण मग सुई... तू टोचून घेतली नव्हतीस ना? नक्की ना?"

"मी नाही म्हणालो, त्याला तीन दिवस झाले. तेव्हापासून तुम्ही मला भित्रा म्हणताय," डावा म्हणाला. "आता विचार, तुमच्यात आणखी असाच कुणी असता आणि त्याला ठाऊकच नसतं तर?"

कप्तान गेला. शहाणपणाने नाही, भीतीने गेला. नंबरपाट्यांच्या दुकानातून चुलत भावाला ओढत, अंगातला कोट काढायचंही भान न ठेवता. दवाखान्याच्या जिन्यात एका म्हाताऱ्या बाईने त्याला अडवून विचारलं, "डॉक्टरसाहेब, एक्स-रे कुठे काढतात?" आणि डॉक्टरसाहेब भिंतीला टेकून घाम पुसत होते.

दोघांचंही स्वच्छ निघालं. काही आठवड्यांनी सगळ्यांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हाही एचआयव्ही कुणालाच निघाला नाही. काविळीच्या लशी टोचल्या गेल्या. एकाला मात्र दुसऱ्याच कशासाठी तरी पुढेही यावं लागणार होतं. कुणाला, ते ताईंनी सांगितलं नाही आणि कात्रीने विचारलं नाही. हे तिच्या स्वभावात बसणारं नव्हतं.

त्याआधी, दुसऱ्याच दिवशी म्हणजे बुधवारी सकाळी, अख्ख्या शाळेला डाव्याचं माहीत झालं होतं. कप्तानने कुणाला सांगितलं, विचारण्यात अर्थ नव्हता. कुणाला सांगितलं नाही ते विचारणं सोपं होतं. डाव्याच्या बाकावरचा मुलगा उठून मागे गेला. नळावर जागा झाली. आणि अकराच्या सुमारास पालक मुख्याध्यापकांच्या खोलीत जमले, पुढे कप्तानचे वडील.

सुईचं प्रकरण म्हणून कात्रीला आणि तिच्या आईलाही बोलावलं होतं. डाव्याची मावशी शहर बस चालवायची. दोन फेऱ्यांच्या मधे ती गणवेशातच आली आणि बस सोडून आल्यासारखी दारातच उभी राहिली.

"आमची मुलं अशा मुलाबरोबर खेळतात, हे आम्हाला कुणी सांगितलं का नाही?" कप्तानचे वडील म्हणाले. "उद्या पाहुणे आहेत. निदान काही दिवस तरी याला घरी ठेवा."

मुख्याध्यापकांनी मान डोलावली. "सप्ताह होईपर्यंत विश्रांती घेऊ दे त्याला. त्याच्याच भल्यासाठी."

"चालेल," मावशी म्हणाली. "लेखी द्या. का काढताय तेही लिहा."

मुख्याध्यापकांनी कागद घेतला. "विशिष्ट कारणास्तव..." ते लिहिता लिहिता पुटपुटले.

"विशिष्ट म्हणजे काय?"

"ते समजून घ्या ना, बाई."

"मला समजलंय. वकिलाला समजायला हवं. आजाराचं नाव लिहा, त्यामुळे मुलाला काढतोय असं लिहा, खाली सही करा."

पेन कागदावर टेकलेलं राहिलं. ज्या माणसाने आठवडाभर तो शब्द जिथे दिसेल तिथे खोडला होता, त्याच्या हातून तो शब्द उतरेना. कप्तानचे वडील म्हणाले, "लिहा हो, त्यात काय." मग सही कुणाची लागणार हे त्यांच्याही ध्यानात आलं आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले.

"काका," कात्री म्हणाली. आईने तिच्या दंडाला चिमटा काढला, पण उशीर झाला होता. "शनिवारी तुमच्या गच्चीवर एक सुई सगळ्यांच्या अंगात गेली. सुई मी दिली, माझी चूक आहे, मी कबूल करते. टोचवून घेणाऱ्यांत तुमचा मुलगा पहिला होता. या खोलीत जेवढ्यांचे आईबाप आलेत त्या सगळ्यांनी टोचून घेतलं. ज्याने घेतलं नाही, ज्याने बाकीच्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं, त्यालाच तुम्ही घरी बसवताय. बसवा. मग उद्या नाटकात डॉक्टर जे भाषण करणार आहे ते कुणासाठी आहे, तेवढं पाहुण्यांना सांगा."

गोलकीपरची आई, जी आतापर्यंत कोपऱ्यात पदर पिळत बसली होती, ती उठली आणि मावशीला म्हणाली, "चला, मी येते बसपर्यंत." बाकीचे एकेक करून घड्याळं बघायला लागले. मुख्याध्यापकांनी कागदाची घडी केली, मग आणखी एक घडी केली आणि तो खिशात घातला.

डाव्याला घरी बसवलं नाही. कुणी माफीही मागितली नाही. कात्रीचा बिल्ला त्याच दुपारी काढून घेतला, 'उद्धट वर्तनास्तव'. तो शब्द मुख्याध्यापकांना छान लिहिता आला.

नाटक झालं. विषाणू हसला, मुलगा मेला, कप्तानने लांब बाहीचा कोट घालून भाषण केलं आणि पाहुण्यांनी डोळे टिपले. उत्कृष्ट समवयस्क शिक्षक म्हणून त्याला ढाल मिळाली. सामना संघ हरला, कारण डाव्या बाजूने कुणी पळालंच नाही. पुढच्या सामन्याला प्रशिक्षकांनी गुपचूप डाव्याला बोलावून घेतलं. दोन पोरांच्या घरच्यांनी त्यांचं खेळणं बंद केलं. बाकीची खेळली.

कात्रीला माफी मागायला आठवडा लागला. कुंपणाशी जाऊन ती म्हणाली, "नळावर मी जे बोलले ते फालतू होतं."

"होतं."

"तू फार मोठं काम केलंस वगैरे मी म्हणणार नाही."

"नकोच म्हणू. मला खरंच सुई आवडत नाही. लहानपणापासून इतक्यांदा टोचलीय की बघूनच घाम फुटतो. आजार नसता तरी मी पळालोच असतो." तो बुटाची नाडी बांधत होता. "तू मात्र अर्धंमुर्धं ऐकून बोलतेस. ताईंनी काय सांगितलं ते तुला पाठ आहे. समजलं किती, देव जाणे."

ती शेजारी बसली.

त्यानंतर पोरं तिच्या घरी यायला लागली. बाही उसवलीय, हेमची दुमड सोडायचीय, असली कारणं काढून. आधी गोलकीपर आला. मग त्याच्याबरोबर धाकट्या वर्गातल्या दोन मुली, ज्या दारातच अर्धा तास उभ्या राहिल्या. पत्रकात जे खोडलं गेलं होतं तेच त्यांना विचारायचं होतं. कात्रीला येत होतं तेवढं ती सांगायची, नाव घेऊन, विशिष्ट न म्हणता. येत नसेल ते ताईंना विचारून दुसऱ्या दिवशी सांगायची. कधी डावा असायचा. कुणी खुळ्यासारखं विचारलं तरी तो हसायचा नाही. तिला हसू यायचं, पण ती दाताखाली जीभ धरायची. रोज जमायचं नाही.

एकदा गोलकीपरने विचारलं, "समजा एखादी मुलगी आवडली, आणि तिला आधी तपासणी कर म्हणायचं, तर ते कसं म्हणायचं?"

कात्रीने डाव्याकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

"आधी स्वतःची करून ये, मग म्हण, आपण दोघं जाऊ," कात्रीची आई मशिनीवरून म्हणाली. "आणि आता टेबल रिकामं करा. मला उद्याच्या बाह्या बेतायच्यात."